कीर्द-खतावणीतली माणसं

अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाशी निगडित धर्मगुरूंनी 1838 साली 272 माणसं विकली आणि त्या पैशातून कॉलेजचं कर्ज फेडलं, असा उल्लेख गेल्या अंकातल्या टिपणात होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांना अभिलेखांचं काम करणाऱ्या आमच्या मंडळाने दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : कॉलेज माणसं विकतं म्हणजे नेमकं काय झालं? पैसे कुठे गेले? (नागपूर)

जॉर्जटाऊन कॉलेजची स्थापना 1789 ची. ते चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक पंथाचे मेरीलँड राज्यात मोठे मळे होते. सेंट इनिगोज, न्यूटाऊन, सेंट थॉमस मॅनर, व्हाइट मार्श ही त्यांतली काहींची नावं. तिथे राबणारी कृष्णवर्णीय माणसं कायद्याने पंथाच्या मालकीची होती. त्याच पंथाच्या धर्मगुरूंनी त्यांना बाप्तिस्मा दिला होता, त्यांची लग्नं लावली होती. 1830 च्या दशकात मळे परवडेनासे झाले. कॉलेजवरही कर्ज चढलं होतं. 1829 पासून अध्यक्ष असलेल्या थॉमस मलेडी यांनी उसनवारी करून इमारती उठवल्या होत्या. पुढे पंथाचे मेरीलँडमधले प्रमुख झाल्यावर याच मलेडींनी 19 जून 1838 रोजी विक्रीचा करार केला. घेणारे दोघे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि तिथलेच मळेवाले जेसी बॅटी.

एकूण किंमत 1,15,000 डॉलर. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं धरून भागाकार केला, तर माणशी सुमारे 423 डॉलर पडतात. 25,000 डॉलर आगाऊ मिळाले. त्यातले 17,000 कॉलेजच्या कर्जात गेले आणि 8,000 बाल्टिमोरच्या आर्चबिशपांची जुनी देणी फेडण्यात. बाकी रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांनी यायची होती. म्हणून ‘कॉलेज विक्रीवर वाचलं’ हे वाक्य अलंकारिक नाही. ते खतावणीत दाखवता येतं.

रोममधले पंथप्रमुख यान रोथान यांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या : कुटुंबं फोडायची नाहीत, नव्या जागी त्यांना आपला धर्म पाळता आला पाहिजे, आणि पैसा कर्जफेडीला लावायचा नाही. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. मलेडींना पद सोडून युरोपात जावं लागलं. पण 1843 मध्ये ते होली क्रॉस या दुसऱ्या जेझुइट कॉलेजचे अध्यक्ष म्हणून परतलेले दिसतात, आणि 1845 मध्ये पुन्हा जॉर्जटाऊनच्याच गादीवर. ठपका पाच-सहा वर्षंच टिकला. लुइझियानाच्या ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेलेल्या माणसांच्या वाट्याला मात्र पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं गुलामीच आली.

प्रश्न : पावणेदोनशे वर्षांनी या माणसांचे वंशज कसे शोधले? मी अभिलेख व्यवस्थापन शिकते. कामाचा क्रम आणि चुका होण्याच्या जागा दोन्ही सांगाव्यात. (पुणे)

सुरुवात मालकाच्या कागदांपासून करावी लागते, कारण गुलाम केलेल्यांना स्वतःचे कागद ठेवण्याची सोयच नव्हती. इथे पहिला कागद कराराला जोडलेली यादी. तिच्यात मळ्यानुसार आणि कुटुंबानुसार नावं आहेत, वय आहे. पहिलं नाव आयझॅक, वय 65.

दुसरा कागद जहाजाचा. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर बंदी घालणाऱ्या 1807 च्या कायद्यात एक कलम होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने गुलाम नेणाऱ्या जहाजाने प्रत्येकाचं नाव, लिंग, वय, उंची आणि वर्ण लिहिलेली यादी बंदरावर द्यायची. नव्याने चोरून आणलेली माणसं जुनी म्हणून खपवली जाऊ नयेत, हा उंची लिहिण्यामागचा हेतू. ‘कॅथरिन जॅक्सन’ हे जहाज नोव्हेंबर 1838 मध्ये अलेक्झांड्रिया बंदरातून सुटलं आणि सुमारे 130 जणांना घेऊन न्यू ऑर्लिन्सला लागलं. त्या जहाजाची यादी टिकली आहे. करारातली यादी आणि ही यादी शेजारी ठेवली की कोण खरंच गेलं आणि कोण मागे राहिलं, हे कळू लागतं.

तिसरा टप्पा लुइझियानातल्या खरेदीखतांचा. त्या राज्याच्या कायद्यात गुलामांची गणना स्थावर मालमत्तेत होई. मळा विकला, गहाण टाकला किंवा मालक मेल्यावर त्याच्या वारसांत वाटला, की दर वेळी माणसांची नवी यादी दस्तात उतरे. क्रूर व्यवहार, पण संशोधकाला दर काही वर्षांनी तीच माणसं पुन्हा भेटतात, वाढलेल्या वयानिशी आणि नव्या मुलांसह. यांच्या जोडीला चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं वाचावीत. त्यांत साक्षीदार आणि धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) यांचीही नावं असतात. मेरीलँडहून आलेली माणसं एकमेकांच्या मुलांसाठी धर्ममातापिता म्हणून उभी राहत, त्यामुळे वस्तीतलं नातं उलगडतं.

मग 1870 ची शिरगणती. 1850 आणि 1860 च्या गणतीत गुलामांच्या तक्त्यावर नाव होतं मालकाचं, खाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्यांची नावानिशी पहिली मोठी नोंद 1870 ची, म्हणून या कामातल्या लोकांना ती भिंतीसारखी वाटते. ती ओलांडायला बोगदा दोन्ही बाजूंनी खणावा लागतो. इकडून 1838 च्या यादीतून पुढे यायचं, तिकडून आजच्या कुटुंबाचे मृत्युदाखले, थडग्यांवरचे दगड आणि 1865 ते 1874 या काळात चाललेल्या मुक्त गुलामांच्या बँकेतल्या खात्यांवरून मागे जायचं. त्या बँकेच्या खातेपुस्तकात आईवडील, भावंडं, जन्मगाव लिहून घेत. विक्रीच्या वेळी तेरा वर्षांचा असलेला कॉर्नेलियस हॉकिन्स असाच मॅरिंग्विन या लुइझियानातल्या गावापर्यंत सापडला. त्याचं थडगं तिथल्या कॅथलिक दफनभूमीत आहे.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक आडनावाची. गुलामांनी मालकाचंच आडनाव घेतलं असणार, असं गृहीत धरून लोक जॉन्सन आणि बॅटी शोधत बसतात. इथे हॉकिन्स, बटलर, कॅम्पबेल ही आडनावं मेरीलँडपासूनची होती आणि कुटुंबांनी ती जपली. दुसरी चूक वयाची. कारकून 38 चे 40 करतो, पुढचा कारकून त्याच माणसाला 35 चा लिहितो. पाच वर्षांचा फरक सोडून द्यावा. मात्र नवरा-बायको, मुलांचा क्रम आणि गाव या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असं लिहू नये. स्पेलिंगच्या मागे तर लागूच नका. कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचून पाहावं. जनुकीय चाचणीने दोन कुटुंबांचं नातं सुचतं, पण पूर्वज कोण ते कागदच सांगतो.

संख्येचंही तेच. करारात 272 आहेत. पण काहीजण पळून गेले, काहींना जोडीदार दुसऱ्या मालकाकडे असल्याने मागे ठेवलं, काहींच्या जागी दुसऱ्यांना घातलं. कागद जुळवल्यावर आकडा 314 वर गेला. यातलं बरंचसं काम विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्वतंत्र प्रकल्पाने केलं, आणि आजवर आठ हजारांहून अधिक हयात व दिवंगत वंशजांची नावं जमली आहेत. विकल्या गेलेल्यांपैकी फ्रँक कॅम्पबेल यांचं म्हातारपणीचं छायाचित्र तर लुइझियानातल्या वेगळ्याच एका विद्यापीठाच्या दफ्तरात होतं. आपल्या संस्थेचं कपाट रिकामं निघालं म्हणून काम संपत नाही.

प्रश्न : ‘गुलाम’ हा शब्द वापरावा की नाही? (नाशिक)

मूळ दस्त उद्धृत करताना शब्द बदलू नये. स्वतः लिहिताना आधी नाव, मग वय, मग काम, आणि शेवटी ‘गुलाम केलेला’ किंवा ‘गुलामीत ठेवलेली’ असं लिहावं. ‘गुलाम’ म्हटलं की ती त्या माणसाची जात असल्यासारखं वाटतं. ‘केलेला’ म्हटलं की कोणी केलं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत शिकते. जॉर्जटाऊनमध्ये विद्यार्थ्यांकडून दर सत्राला 27.20 डॉलर घ्यायचं ठरलं होतं, असं तिने सांगितलं. आम्ही 1998 मध्ये इकडे आलो. आमचा या पापाशी काय संबंध? (न्यू जर्सी)

आधी वस्तुस्थिती. एप्रिल 2019 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतलं. 2,541 मतं बाजूने, 1,304 विरोधात. 27.20 हा आकडा 272 या संख्येवरून घेतलेला. वर्षाला दोन सत्रं, म्हणजे 54.40 डॉलर. पदवीचे सुमारे सात हजार विद्यार्थी धरले, तर वर्षाला पावणेचार ते चार लाख डॉलर जमतात. हे पैसे वंशजांच्या वस्त्यांमधल्या आरोग्य-शिक्षणाच्या कामांना जायचे होते. विद्यापीठाने सक्तीचं शुल्क लावलं नाही. तेवढीच वार्षिक रक्कम देणग्यांतून उभी करू, असं ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर केलं.

आता संबंधाचं. हे शुल्क पूर्वजांच्या पापाचा दंड म्हणून मांडलेलं नव्हतं. तसं असतं तर ते तुमच्याकडून घेणं अन्यायाचंच झालं असतं. मांडणी अशी होती : संस्था ही एक सलग व्यक्ती आहे. 1789 ची प्रतिष्ठा, जमीन आणि नाव ती आजही वापरते, आणि पदवीच्या कागदावर तुमच्या मुलीलाही त्याचा वाटा मिळतो. आपल्याकडे वडिलांचं घर घेणारा मुलगा घरावरचं देणं नाकारू शकत नाही. तोच न्याय संस्थेला. तुम्ही कर्ज केलेलं नाही, पण त्या घरात राहायला आला आहात.

तरीही सार्वमताला एक आक्षेप होता आणि तो आम्हाला खरा वाटतो. देणेकरी संस्था आणि जेझुइट पंथ आहेत. अठरा वर्षांच्या मुलांनी भरलेल्या पैशामागे त्यांनी लपू नये. पंथाने मार्च 2021 मध्ये वंशजांच्या संघटनेबरोबर प्रतिष्ठान स्थापून 10 कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. सार्वमत झालं नसतं तर हे वचन इतक्या लवकर आलं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : इमारतींची नावं बदलून काय साधतं? उलट इतिहास पुसला जातो. (ठाणे)

जॉर्जटाऊनमध्ये क्रम पाहा. मलेडींच्या नावाचं वसतिगृह दुरुस्तीनंतर 2015 मध्ये पुन्हा उघडायचं होतं, आणि त्यावरून प्रश्न पेटला. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष जॉन डीजॉया यांनी अभ्यासगट नेमला, नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या देऊन बसले, आणि मलेडी व विक्रीत सामील असलेले दुसरे जेझुइट विल्यम मॅकशेरी, ही दोन्ही नावं इमारतींवरून उतरवली गेली. आज एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव आहे, म्हणजे यादीतल्या पहिल्या माणसाचं. दुसरीला ॲन मरी बीक्राफ्ट यांचं. या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईंनी त्याच परिसरात कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली होती.

इतिहास पुसला गेला का? मलेडींचं नाव 2015 पूर्वी दारावर होतं, तेव्हा त्या दाराने जाणाऱ्या किती मुलांना 1838 ठाऊक होतं? नाव उतरलं आणि करार जगभर वाचला गेला. पाटी हा सन्मान असतो; इतिहास दफ्तरात, वर्गात, ग्रंथालयात राहतो. चूक होते ती पाटी बदलून फाईल बंद करण्यात. म्हणून नाव बदलताना तीन गोष्टी एकदमच करून घ्याव्यात : जुनं नाव कोणाचं होतं आणि का उतरवलं, हे सांगणारा फलक त्याच भिंतीवर, मूळ कागद सर्वांना पाहता येतील अशी सोय, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वंशजांची नव्या नावाला संमती.

या तिसऱ्या गोष्टीत जॉर्जटाऊन घसरलं. अभ्यासगटाचा अहवाल सप्टेंबर 2016 मध्ये जाहीर झाला. माफी, स्मारक, संशोधन संस्था, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळतो तसा प्रवेशात वंशजांना अग्रक्रम, असं बरंच त्यात होतं. पण गटात वंशजांचा प्रतिनिधी नव्हता. अहवाल जाहीर करण्याच्या कार्यक्रमाला काही वंशज आले आणि त्यांनी तिथेच उठून सांगितलं, की आमच्याविषयीचं काही आम्हाला वगळून ठरवू नका. औपचारिक माफीची प्रार्थनासभा 18 एप्रिल 2017 रोजी झाली, तेव्हा मात्र वंशज समोर बसले होते आणि माफी त्यांच्याकडे पाहून मागितली गेली. प्रवेशातला अग्रक्रमही एकटा पुरत नाही. फी कोण भरणार, हे ठरलं नसेल तर मॅरिंग्विनच्या गरीब घरातल्या मुलाला त्याचा उपयोग किती?

प्रश्न : हे करणारं जॉर्जटाऊन पहिलंच का? (कोल्हापूर)

नाही. ब्राऊन विद्यापीठाच्या अध्यक्ष रूथ सिमन्स यांनी 2003 मध्येच समिती नेमली. त्या स्वतः गुलामांच्या वंशज. 2006 च्या अहवालात, विद्यापीठाला ज्या घराण्याचं नाव आहे त्यातल्या ब्राऊन बंधूंच्या ‘सॅली’ जहाजाचा हिशोब आहे : 1764 ला निघालेल्या त्या सफरीत 196 आफ्रिकन माणसं विकत घेतली गेली, त्यातली निदान 109 मेली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाने 2018 मध्ये गुलामीतून आलेल्या देणग्यांची आजची किंमत काढली, ती 1 कोटी 67 लाख ते 19 कोटी 80 लाख पौंड निघाली. एवढी तफावत पद्धतीमुळे. फक्त महागाई धरली तर आकडा लहान, मजुरी किंवा देशाच्या उत्पन्नातला वाटा धरला तर प्रचंड. कोणी एकच आकडा पुढे केला, तर कोणती पद्धत, हे आधी विचारावं. ग्लासगोने पुढे वेस्ट इंडिज विद्यापीठाशी 20 वर्षांत 2 कोटी पौंडांचा करार केला.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेची शताब्दी जवळ आली आहे. स्मरणिकेत संस्थापकांचा गौरव आहे, पण वसतिगृहात जातीनुसार पंगती होत्या, हे जुने लोक सांगतात. आम्हालाही असा शोध घेता येईल का? वर्णद्वेष आणि जातिभेद एकाच मापाने मोजावेत का? (सातारा जिल्हा)

एकाच मापाने मोजू नयेत, पण शेजारी ठेवून वाचता येतात. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. शोध जरूर घ्या.

आधी ठराव करा आणि तो लेखी असू द्या : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणती दफ्तरं खुली, आणि अहवाल काटछाट न करता छापायचा. हे शेवटचं वाक्य ठरावात नसेल, तर काम सुरूच करू नये. समितीत सात ते नऊ माणसं पुरेत. निम्मी संस्थेबाहेरची हवीत, आणि ज्या समाजांना वेगळं बसवलं गेलं त्यांचे प्रतिनिधी पहिल्या बैठकीपासून हवेत. दीड-दोन वर्षं धरा. शताब्दीच्या तारखेला बांधून घेऊ नका, नाहीतर शेवटचे महिने मजकूर गोड करण्यात जातील.

कागद कोणते पाहायचे? जनरल रजिस्टरात जातीचा रकाना असतो, त्यातून वर्षवार किती मुलं कुठली, हे निघतं. तेवढ्यावर थांबू नका. दाखल झालेल्यांचीच नोंद त्यात असते, परत पाठवलेल्या मुलाची नसते. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, हे आज ठाऊक आहे ते त्याने सरकारकडे अर्ज केला आणि तो पत्रव्यवहार टिकला म्हणून. तेव्हा नियामक मंडळाची इतिवृत्तं, आवक-जावक बारनिशी, शिक्षणखात्याची तपासणी पत्रं आणि जिल्हा अभिलेख पाहा. पंगतींचा पुरावा बहुधा खानावळीच्या कीर्दीत असतो : वेगळी भांडी, वेगळा आचारी, वेगळं पाणी भरणारा, यांवर झालेला खर्च. देणगीची पावतीपुस्तकं आणि जमिनीचे फेरफारही चाळा. जमीन कोणाची होती आणि कशी मिळाली, हे स्मरणिकेत सहसा नसतं. जुनी पानं मोडीत असतील. वाचणारा एक पुरत नाही, दोघांनी स्वतंत्र वाचून लिप्यंतर ताडून घ्यावं.

हाताळताना गंजलेल्या टाचण्या आधी काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको, कागद त्यात कायमचा मरतो. हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे. स्कॅन 300 ते 400 डीपीआयवर, रंगीत, कोऱ्या पानांसह करा. कोरं पान गाळलं की पुढे कोणीतरी पान फाडल्याचा आरोप करतो.

तोंडी आठवणी कागदाच्या आधी घ्या. कागद आणखी दोन वर्षं थांबतील, नव्वदीची माणसं थांबणार नाहीत. मुलाखत त्यांच्या घरी घ्या, संस्थेच्या कार्यालयात नको. आधी जेवणघराचा नकाशा काढायला सांगा. कोण कुठे बसायचं ते दाखवताना माणसाला जे आठवतं, ते ‘भेदभाव होता का’ असं विचारून आठवत नाही.

एका बाबतीत मात्र जॉर्जटाऊनची नक्कल करू नका. तिथे नावं जाहीर करणं हाच न्याय होता, कारण ती पुसली गेली होती. आपल्याकडे हयात माणसाचं नाव जातीसकट छापलं, तर त्यालाच त्रास होऊ शकतो. वर्षवार आकडे छापा. नाव छापायचं तर त्या व्यक्तीची किंवा कुटुंबाची लेखी संमती घ्या, आणि छापण्यापूर्वी मजकूर वाचायला द्या. अहवालाची पहिली प्रत संस्थाचालकांच्या आधी त्या घरांत पोचवावी.